ले-आऊटच्या मोकळ्या जागेत मुलांचा भाजीवाफा : नागपूरच्या काळ्या मातीसाठी

मुलांच्या भाजीबागेचे सर्वांत जास्त नुकसान किडीने होत नाही, पायांनी आणि पाण्याने होते. नागपूरची काळी माती ओली असताना तुडवली की घट्ट बसते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. मूल वाफ्यात पाय ठेवते, कारण मधल्या रोपापर्यंत त्याचा हात पोचत नाही. आणि दहा मुले एकाच वाफ्याला दहा वेळा पाणी घालतात, कारण पाणी घालणे एवढे एकच काम मोठ्यांनी त्यांच्याकडे दिलेले असते. दोन्हीचा उपाय एकच आहे: वाफ्याचे माप, बियाण्याचा आकार आणि कामाची वाटणी मुलांच्या हाताप्रमाणे ठरवायची.

खालची सगळी मापे त्याच हिशेबाने दिली आहेत. ४ ते १४ वर्षांची दहा-पंधरा मुले, एखाद्या ले-आऊटची (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीची) किंवा सोसायटीची मोकळी जागा आणि हिवाळ्याचा हंगाम धरून.

जागा बघताना

ले-आऊटमधली मोकळी जागा रिकामी पडलेली दिसली तरी ती कोणाच्या तरी ताब्यात असते: महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा गृहनिर्माण संस्था. परवानगी लेखी घ्या. मुलांनी लावलेली टमाटर लागायच्या वेळी कोणी जागा साफ करून टाकली, तर ती मुले पुन्हा बागेत येत नाहीत.

ऊन किमान सहा तास हवे, आणि ते डिसेंबरचे ऊन मोजायचे, आजचे नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. नागपुरात डिसेंबरच्या भर दुपारी इमारतीची सावली उत्तरेकडे जवळपास तिच्या उंचीइतकी पडते. म्हणजे दक्षिणेला ३० फूट उंच घर असेल, तर त्याच्या भिंतीपासून ३० फुटांपर्यंतची जागा सोडून द्या. ऑगस्टमध्ये तिथे छान ऊन दिसते आणि म्हणूनच फसगत होते.

मग तीन-चार ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या. नव्या ले-आऊटमध्ये वर सहा इंच माती आणि खाली मुरूम किंवा बांधकामाचा मलबा निघणे नेहमीचे आहे. काचा, खिळे, फरशीचे तुकडे निघाले तर मुलांना बोलावण्याआधी मोठ्यांनी माती चाळून घ्यावी. मुरूम लागला तर खणत बसू नका. कडेने विटा लावून फूटभर उंच वाफा करा आणि त्यात बाहेरची माती भरा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ठेवा; दुसऱ्या दिवशीही ते तसेच दिसले तर निचरा नाही, आणि तिथेही उंच वाफाच लागेल.

गाजरगवत मुलांनी उपटायचे नाही. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास असलेल्यांना त्याचे पराग सोसत नाहीत. फुले येण्याआधी मोठ्यांनी हातमोजे घालून मुळासकट काढावे. कण्हेर, धोत्रा, एरंडी ही विषारी झाडे कुंपणाच्या आत असतील तर तीही काढून टाका. पाणी नळाचे किंवा बोअरचे घ्या. नाल्याचे पाणी कितीही जवळ आणि फुकट असले तरी मुले जी भाजी खाणार तिला ते घालायचे नाही. साठवणीच्या ड्रमला घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा तो कोरडा करायचा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

वाफा

रुंदी ३ फूट, लांबी १० फूट, उंची ६ ते ८ इंच. मोठ्यांच्या बागेत वाफा ४ फूट रुंद चालतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात उकिडवे बसून दीड फुटापर्यंत पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून ३ फूट. दोन वाफ्यांमध्ये दीड ते दोन फुटांची वाट सोडा, म्हणजे झारी घेऊन दोन मुले समोरासमोर आली तरी एकाला वाफ्यात उतरावे लागणार नाही. वाटेवर वाळलेला पालापाचोळा किंवा भुसा जाड अंथरा. वाट चिखलाची झाली की मुले आपोआप वाफ्याच्या काठावर चढतात.

वाफ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. मग उंच झाडे उत्तरेच्या काठाला लावता येतात आणि त्यांची सावली वाटेवर पडते, भाजीवर नाही.

१० फुटांचा वाफा सुतळीने पाच भागांत वाटा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला २ फूट लांब, ३ फूट रुंद जागा येते. ही वाटणी फार महत्त्वाची आहे. सगळ्यांचा मिळून एक वाफा केला की दोन मुले सगळे करतात आणि बाकीची बघत राहतात. मुळा कोणी उपटायचा यावरून भांडण होते ते वेगळेच. स्वतःचा सहा चौरस फुटांचा तुकडा असला की मूल त्यातले प्रत्येक पान ओळखते.

माती कधी खणायची हे मुलांनाच ठरवू द्या. मूठभर माती घेऊन दाबायची. मुठीतून पाणी सुटले किंवा माती हाताला चिकटली, तर ती अजून ओली आहे. गोळाच झाला नाही, तर फार कोरडी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आला. काळ्या मातीत हा वाफसा थोडे दिवसच टिकतो, म्हणून पाऊस थांबल्यावर रोज मूठ दाबून बघायची. ओली माती खणली की मोठी ढेकळे निघतात आणि वाळल्यावर ती खुरप्याने फुटत नाहीत. बहुतेक वाफे याच घाईत बिघडतात.

खणणे, ढेकळे फोडणे मोठ्यांनी करावे, ९ इंच खोल. मग १० फुटांच्या वाफ्याला पहिल्या वर्षी ५ घमेली चांगले कुजलेले शेणखत, १ घमेले गांडूळखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मातीत मिसळा. दुसऱ्या वर्षापासून २ घमेली शेणखत पुरते. शेणखत कुजले आहे का, हे नाकाने आणि हाताने कळते: शेणाचा वास नाही, रंग काळपट, हातात भुरभुरीत, आणि ढिगाच्या आत हात घातला तर गरम लागत नाही. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवी येते, शिवाय त्यातले जंतू पालेभाजीवर राहतात. मुलांच्या बागेत कच्चे शेण नकोच.

माती भुसभुशीत व्हावी म्हणून दोन-चार घमेली रेती टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. चिकण मातीत थोडी रेती मिसळली की माती मोकळी होण्याऐवजी आणखी कडक बसते. काळी माती मोकळी होते ती कुजलेल्या पाल्याने आणि खताने, दोन-तीन हंगामांत. रेतीचा उपयोग दुसऱ्या कामाला आहे, तो पुढे येईल.

हंगाम

मुलांसोबत सुरुवात करायची ती हिवाळ्यातच. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय ठेवता येत नाही आणि उन्हाळ्यात मुलांना उन्हात ठेवता येत नाही.

वांग्याचे बी तान्ह्या पोळ्याच्या सुमारास ट्रेमध्ये टाका, टमाटरचे अनंत चतुर्दशीच्या आसपास. वांग्याचे रोप लावण्याजोगे व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, टमाटरचे २५ ते ३०. दोन्ही दसऱ्याला तयार होतात. लहान मुलांना इतके दिवस ट्रेकडे बघत थांबवत नाही. हे काम दहा वर्षांच्या वरच्यांना द्या, किंवा रोपवाटिकेतून रोपे आणा. रोपे घेताना वीतभर उंच, जाड देठाची, फुले न आलेली निवडा. उंच, पिवळट आणि फुलावर आलेले रोप मुलांना आवडते. ते लावल्यावर बसते तिथेच.

दसऱ्यापर्यंत वाफे तयार ठेवा. परतीच्या पावसाची एखादी सर तेव्हाही येऊ शकते, ती येऊन जाऊ द्या. मेथी, मुळा, पालक, सांबार (कोथिंबीर) मात्र दिवाळीच्या सुट्ट्यांनंतरच पेरा. आधी पेरले तर बी उगवते त्याच आठवड्यात निम्मी मुले गावाला गेलेली असतात, आणि माती फोडून वर आलेला कोंब बघणे हेच तर मुलांसाठी या सगळ्यातले सर्वांत मोठे काम आहे.

भेंडी आणि गवार हिवाळ्यात पेरू नका. त्यांना उष्णता लागते. थंडीत बी मातीत सडते आणि मुलांना वाटते, आपलेच काही चुकले.

एका मुलाच्या तुकड्यात काय, कुठे

दक्षिणेच्या काठापासून मोजत जायचे:

४ इंचांवर मुळ्याची ओळ. ३ इंचांवर एक खूण, एकूण ८ खुणा, प्रत्येकीत २ बिया, अर्धा इंच खोल.
१० इंचांवर मेथीचा ४ इंच रुंद पट्टा. एक चहाचा चमचा बी, वर बोटाच्या नखाइतका थर.
१६ इंचांवर पालक. २ इंचांवर एक खूण, प्रत्येकीत २ बिया, अर्धा ते पाऊण इंच खोल.
२२ इंचांवर सांबार. एक चहाचा चमचा धने, अर्धा इंच खोल.
३० इंचांवर, तुकड्याच्या बरोबर मधोमध, टमाटरचे एक रोप.

२ फुटांवर एक टमाटर हेच त्याचे योग्य अंतर आहे, म्हणून वाटणीही २ फुटांची. टमाटर नको असेल तिथे वाटाणा लावा: ३ इंचांवर एक दाणा, सव्वा इंच खोल, आणि मागे चार फुटी काड्यांवर सुतळीची जाळी.

या निवडीमागे दिवसांचा हिशेब आहे. मेथी ३-४ दिवसांत उगवते, मुळा ४-५ दिवसांत, पालक आठवडा-दहा दिवसांत, सांबार १० ते १२ दिवसांत. मेथी २५-३० दिवसांनी काढता येते, पालकाची पहिली कापणी साधारण ३० दिवसांनी, मुळा ४० ते ४५ दिवसांनी, सांबार ४० दिवसांच्या आसपास आणि टमाटर लावल्यापासून ६५ ते ७५ दिवसांनी. दर आठवड्याला तुकड्यात काहीतरी नवे दिसते. नुसते वांगे आणि फुलकोबी लावली तर दोन महिने बघण्याजोगे काही घडत नाही, आणि मुले तिसऱ्या रविवारी येईनाशी होतात.

पाच वर्षांखालच्यांना मोठे बी द्या: हिवाळ्यात वाटाणा, पावसाळ्यात बरबटी (चवळी), कोहळे. चिमटीत धरता येते, मातीत पडलेले दिसते, चुकून खोल गेले तरी उगवून येते. मुळ्याचे बी सहा वर्षांच्या पुढच्यांना जमते. गाजराचे बी फार बारीक आणि उगवायला दोन आठवडे घेते. मुलांना द्यायचेच तर एक चमचा बी एक कप कोरड्या बारीक रेतीत कालवून द्या. कन्हान नदीची चाळलेली रेती इथे कामी येते: ओळीत रेती दिसते, त्यामुळे कुठे पडले, कुठे राहिले ते मुलाला कळते.

बियाणे

मेथी आणि धने किराण्यातले चालतात, फार जुने नसले म्हणजे झाले. मुळा, पालक, वाटाणा कृषी केंद्रातून पाकिटाचे घ्या आणि पाकिटावरची वैध तारीख बघा. मुळ्यात पुसा चेतकी लवकर येते आणि उष्णता सोसते, म्हणून उशीर झाला तर तीच घ्या. वाटाण्यात अर्केल लवकर येणारा आहे.

पाकिटातले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले निघाले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हातात द्यायचे नाही. बी विकत घेतानाच ‘प्रक्रिया न केलेले’ मागा.

पेरणीच्या दोन आठवडे आधी उगवण तपासा. ओल्या सुती फडक्यात १० बिया गुंडाळून डब्यात ठेवा, फडके रोज ओलसर करा. आठपेक्षा जास्त उगवल्या तर उत्तम. पाच-सहाच उगवल्या तर प्रत्येक खुणेत एक बी जास्त. चारपेक्षा कमी असतील तर नवे बी आणा. हे काम मुलाने घरी करावे. मातीखाली काय चालले आहे ते त्याला फडक्यात दिसते.

धने पेरण्याआधी पोळपाटावर ठेवून लाटणे हलक्या हाताने फिरवा. एका धन्यात दोन बिया असतात. धना दोन फाकांत सुटायला हवा, भुगा व्हायला नको. मग रात्रभर पाण्यात. पालकाचे बीही रात्रभर भिजवा.

पेरणीचा दिवस

पाच मुलांमागे एक मोठे माणूस. एकूण वेळ पाऊण तास, सकाळी साडेआठच्या सुमारास. पायात बूट, चप्पल नको. प्रत्येकाला एक लहान खुरपी आणि एक वीतभर काडी, जिच्यावर टोकापासून अर्धा इंच आणि सव्वा इंच अशा दोन खुणा रंगाने केलेल्या.

आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी देऊन ठेवा, म्हणजे सकाळी वाफसा असेल. पेरून वरून भरपूर पाणी देण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. सुतळी ताणून ओळ आखा. मुलाने काडी अर्ध्या इंचाच्या खुणेपर्यंत मातीत टोचायची, भोकात दोन बिया टाकायच्या, पुढच्या खुणेवर जायचे. आठ भोके, सोळा बिया, मोजून हातात दिलेल्या. हातात पाकीट दिले तर सगळे पाकीट एका भोकात जाते.

भोके मातीने बुजवू नका. चाळलेले गांडूळखत किंवा जुने शेणखत वापरा. काळी माती पाणी पडून वाळली की वर खपली धरते, आणि पालकाचा-सांबाराचा नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. बी उगवलेच नाही असे वाटते तेव्हा नखाने खपली उचलून बघा: खाली कोंब वाकून अडकलेला दिसतो. बुजवल्यावर तळहाताने हलकेच थोपटा, झारीने शिडकावा करा आणि वर ओला बारदाना पसरा. त्याने ओल टिकते, चिमण्या-कबुतरे बी टिपत नाहीत.

बारदाना तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघायचा. मेथीचा पहिला कोंब दिसला त्याच दिवशी त्या पट्ट्यावरून तो काढायचा. एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे, लांबट होतात आणि बारदान्याच्या विणीत अडकून उचलताना तुटतात. म्हणून बारदाने ओळीच्या मापाचे अरुंद कापून ठेवा. मेथीचा निघाला तरी सांबाराचा आणखी आठवडाभर राहू शकतो.

नावाची पाटी शिसपेन्सिलने आइस्क्रीमच्या काडीवर लिहा. मार्कर पेनची शाई उन्हाने उडते, पेन्सिल राहते. भाजी, मुलाचे नाव, पेरल्याची तारीख.

टमाटरचे रोप चार वाजल्यानंतर लावा. आधी चार फुटी काठी ठोका, मग तिच्याशेजारी खड्डा. उलटे केले तर काठी मुळांतून जाते. खालची दोन-तीन पाने काढून देठ त्या जागेपर्यंत मातीत पुरा, पुरलेल्या देठालाही मुळे फुटतात. रोपाला एक लिटर पाणी. पुढे जुन्या सुती कापडाच्या पट्टीने काठीला सैल बांधत जा.

पाणी

मुलांना मोठी झारी पेलत नाही आणि तिचा लोंढा बी उघडे पाडतो. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला मोठ्यांनी गरम सुईने आठ-दहा भोके पाडावीत. मुलाला मापही कळते: ‘तीन बाटल्या’ म्हणजे तीन.

उगवेपर्यंत रोज सकाळी प्रत्येक तुकड्याला एक ते दीड बाटली, शिडकावा. उगवल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी ३ ते ४ बाटल्या. भाजी भरल्यावर दर तीन-चार दिवसांनी ६ ते ७. पण आकड्याआधी बोट: दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचे. आत ओल लागली तर आज पाणी नाही, वरून माती कितीही सुकलेली दिसो. काळी माती वरून पांढुरकी झाली तरी आत ओल धरून असते. हे मुलांना एकदा बोटाने कळले की त्यांना सांगावे लागत नाही.

पाणी नको असलेल्या दिवशी मुलांच्या हाताला दुसरे काम द्या, नाहीतर ती पाणी घालणारच. निंदण, पानामागे अळी शोधणे, पाटीवर उंची लिहिणे.

जास्त पाण्याची खूण अशी: शेंड्याची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. चुनखडी असलेल्या काळ्या मातीत पाणी साचले की मुळांना लोह घेता येत नाही. खत देऊ नका. पाणी थांबवा, खुरपीने वरची माती मोकळी करा. नवी पाने पुन्हा हिरवी येतात. कोवळे रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडले तर ती रोपकूज. कारण तेच, शिवाय दाट पेरणी. संध्याकाळचे पाणीही टाळा, थंडीत पाने रात्रभर ओली राहिली की करपा येतो.

विरळणी

विरळणी म्हणजे दाट उगवलेली रोपे कमी करणे, मुलांना सर्वांत जड जाणारे काम. आपण पेरलेले उगवले आणि आता म्हणतात उपटा. मुळ्याची रोपे दोन-दोन एकत्र राहिली तर दोन्ही मुळे दोरीसारखे बारीक राहतात, हे सांगून पटत नाही. म्हणून एका खुणेतली जोडी मुद्दाम तशीच ठेवा आणि काढणीला दोन्ही शेजारी धरून बघा.

मुळ्याला तीन-चार पाने आली की प्रत्येक खुणेत जोमदार रोप ठेवून दुसरे लहान कात्रीने मातीलगत कापायचे. उपटायचे नाही, शेजारच्याची मुळे हलतात. कापलेली मुळ्याची पाने घरी न्यायची आणि झुणक्यात किंवा वरणात घालायची. टाकून दिले नाही, खाल्ले, म्हटल्यावर मुले राजी होतात.

कीड

मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी नको, याबद्दल दुमत असू नये: मुले वाफ्यातच तोडून खातात. तशीच सर्रास शिफारस होते ती दशपर्णी अर्काची, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या कीडनाशकाची. त्यात कण्हेर, रुई, एरंडी असा विषारी पाला पडतो, म्हणून तोही इथे नको.

माव्यावर (कोवळ्या पानांचा रस शोषणारे बारीक किडे) पाण्याचा जोरकस फवारा पहिल्यांदा. तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिली सौम्य द्रवसाबण, पानांच्या मागून, ऊन उतरल्यावर. त्यापुढे निंबोळी अर्क. निंबोळ्या नागपुरात जून-जुलैत सगळ्या रस्त्यांवर पडतात. मुलांनी वेचाव्यात, गर धुऊन सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवाव्यात. ५० ग्रॅम बिया कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी वाढवून एक लिटर करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि त्याच दिवशी फवारा. फवारणी मोठ्यांनीच करावी आणि नंतर चार-पाच दिवस पालेभाजी काढू नये, कडू लागते.

टमाटरची पाने वर वळून आकसली, झाड खुरटले तर तो विषाणू. पांढरी माशी पसरवते. झाड वाचत नाही. उपटून पिशवीत घालून बाहेर टाका, आणि त्या मुलाला त्याच दिवशी दुसरे रोप किंवा वाटाण्याचे दाणे द्या. टमाटरचे बूड काळे पडून खोलगट झाले तर अंड्याची टरफले, चुना घालण्यात अर्थ नाही. काळ्या मातीत चुना भरपूर आहे. कधी कोरडे, कधी तुडुंब अशा पाण्याने तो फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा.

गायी आणि डुकरे यांच्यासाठी चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लागते. उघडे राहिलेले फाटक एका रात्रीत सगळी मेथी संपवते.

काढणी

मेथी मुळासकट उपटायची. पालक मातीपासून दीड इंच वर कापला की दोन आठवड्यांनी पुन्हा येतो, चार-पाच वेळा. कापताना मधला कोंब शाबूत ठेवायचा. मुळा मातीतून खांदा वर काढतो तेव्हा काढा. ‘अजून मोठा होऊ दे’ म्हणून ठेवला की आतून जाळी पडते आणि तिखट, दोरीसारखा लागतो. मोकळ्या झालेल्या ओळीत त्याच दिवशी नवे बी, जानेवारीच्या मध्यापर्यंत. सांबार संक्रांतीच्या आसपास भरात असतो; हळदीकुंकवाच्या वाणाला मुलांनी स्वतः बांधलेल्या जुड्या देता येतात.

टमाटरची पाने, देठ खायचे नाहीत, हे लहानांना पहिल्याच दिवशी सांगा. बागेतून निघताना साबणाने हात धुणे आणि खुरप्या मोजून ठेवणे, दोन्ही न चुकता.

हिवाळ्यानंतर

फेब्रुवारीच्या मध्यात थंडी ओसरली की भेंडी पेरता येते: रात्रभर भिजवलेले बी, फूटभर अंतर, पाऊण इंच खोल. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला या जाती तग धरतात. पहिली भेंडी ४५ ते ५० दिवसांनी. मार्चपासून मुलांनी सकाळी आठच्या आत घरी परतावे, आणि एप्रिलच्या मध्यानंतर बागेत येऊ नये.

पावसाळ्यात, विदर्भातल्या शाळा उघडतात त्या सुमारास, बरबटी, दोडके, कोहळे आणि वाल कुंपणालगत टोचून द्या. वेल आपले आपण वाढतात आणि मुलांना वाफ्यात शिरावे लागत नाही.

मधल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोग करून घ्या. रिकामा वाफा सपाट करून भरपूर पाणी द्या, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून अंथरा आणि कडा मातीत पुरा. काळे प्लॅस्टिक चालत नाही, ऊन आत जायला हवे. नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा आठवडे ठेवा. खालची माती इतकी तापते की वरच्या काही इंचांतले निंदणाचे बी आणि रोपकुजीची बुरशी बरीच मरते. प्लॅस्टिक काढल्यावर वाफा पुन्हा खोल खणू नका; खालचे जिवंत बी वर येते. वरचे दोन इंच खुरपीने मोकळे करून त्यातच पेरा.